फुटाला एक सूत

बीड थंड होताना आकसतं.
म्हणून पॅटर्न मोठा करायचा, फुटाला एक सूत,
आणि त्यासाठी पट्टीच वेगळी असते:
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून लांब.
छत्तीस वर्षं ती माझ्या मागच्या खिशात आहे.
पहिल्या दिवशी हातात देताना थोरले मगदूम म्हणाले होते,
"बाहेर कुणाला दाखवू नकोस सुतार,
लोक खोटी म्हणतील."

परवा त्यांच्या मुलानं, अभिनंदननं,
केबिनमध्ये बसवून चहा पाजला.
मामा, आठवड्यातनं तीन दिवस या. पगार निम्मा.
नाहीतर साठीपर्यंत आहे तसं चालू दे.
तुमचं तुम्ही ठरवा.

तुमचं तुम्ही ठरवा, असं
मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
माझ्याकडं सगळं ड्रॉइंगवर ठरूनच यायचं.

बाहेर इर्शाद कॉम्प्युटरवर
व्हॉल्व्हची बॉडी गरागरा फिरवत होता.
आकसण्याची सूट तो एका चौकोनात टाइप करतो,
एंटर मारतो. झालं.
चुकत नाही पोरगा.
चुकला असता तर मला बरं वाटलं असतं,
हे कबूल करायला छत्तीस वर्षांची लाज वाटते.

रात्री जुन्या चलनाच्या पाठीमागं हिशोब मांडला.
धाकटीचं बी.फार्मचं शेवटचं वर्ष,
पतसंस्थेचे अकरा हप्ते,
डावा गुडघा.
पेन्शनचा आकडा दोनदा तपासला,
एखादं शून्य पडलं असेल खाली म्हणून.

शामू कांबळे आठवला, आमचा मोल्डर.
रिटायर होऊन दोन वर्षं झाली,
अजून सव्वाआठला सायकल काढतो,
उद्यमनगरच्या कोपऱ्यावर एक पाय टेकून थांबतो,
आत मशिनं चालू झाली की
परत फिरतो.
हात हलवला तर बघत नाही.

पॅटर्नला ढाळ द्यावा लागतो, जरासा,
डोळ्याला दिसतही नाही.
तो नसला तर वाळूतनं उचलताना कड मोडते.
अगदी उभ्या भिंतीचा पॅटर्न कितीही सुबक असो,
निघताना साचा फाडूनच निघतो.
आता तीन दिवस म्हणजे ढाळ,
की नुसताच कमी पगार?
झोप लागेपर्यंत दोन्ही खरं वाटत राहिलं.

सोमवारी कारखाना बंद.
रत्नप्रभानं दिवाळीपासून मागितलेली फळी
अखेर कापायला घेतली,
लोणच्याच्या बरण्यांसाठी, स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात.
तीन फूट. सागवान. कडा गोल केल्या.
बसेना.
तिरकी घातली, हातोडीनं ठोकली, बसेना.
तीन सूत जास्त.

ती दारात उभी राहून हसायला लागली,
डोळ्याला पदर लावून.
"पोरीचं टेबल पाय काढून आत घेतलं होतं, आठवतंय?
देवघराचा दरवाजा अजून घासतोय.
मला आपलं वाटायचं,
घरच बारकं बांधलंय."

मी खिशातली पट्टी काढून बघत राहिलो.

मग रंधा घेतला.
तीन सूत उतरायला अर्धा तास लागला,
भुसा तिच्या पायाशी पडत होता
आणि ती हलत नव्हती.
संध्याकाळी लक्ष्मीपुरीत गेलो,
साधी पट्टी मागितली.
दुकानदार ओळखीचा. म्हणाला,
"तुम्हाला कशाला मामा? तुमच्याकडं आहे की."
म्हटलं, घरात लागते एक.

मंगळवारी अभिनंदनला सांगितलं: चार दिवस.
तो म्हणाला, मी तीन म्हणालो होतो मामा.
म्हटलं, आकसायला जागा धरलीय.
त्याला कळलं नसावं, तो कॅलेंडर बघत बसला.
पलीकडं इर्शाद मात्र
मान खाली घालून
हसला.